वारशानें आलेला त्वचारोग आणि जंतुनाशक औषधें



आनुवंशिक रोगाला औषध नाहीं, आणि जंतुनाशक औषध जंतूंवरच चालतें, हीं दोन विधानें सुशिक्षित घरांतून नेहमीं ऐकूं येतात. दोन्ही विधानें बव्हंशीं खरींच आहेत. परंतु तीं शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे एक कोडें उभें राहतें. आईबापांकडून वारशानें आलेल्या, ज्याच्या मुळाशीं एकही जंतु नाहीं, अशा एका त्वचारोगावर आजचे जाणते डॉक्टर जंतुनाशक औषधें देतात, आणि त्यांचा पुष्कळांना गुणही येतो. हें कसें, असा प्रश्न रोग्याला पडतो. घरचीं माणसें तर्क लढवितात कीं, ज्या अर्थीं जंतूंचें औषध दिलें, त्या अर्थीं रोग संसर्गानें पसरणारा असला पाहिजे. मग त्या माणसाचा टॉवेल वेगळा, ताट वेगळें, अंथरूण वेगळें, असा क्रम सुरू होतो. औषधाच्या नांवावरून रोगाची जात ठरविली, तर त्याचें मोल रोग्याला द्यावें लागतें. म्हणून जंतुनाशक औषध, ज्याला प्रतिजैविक किंवा अँटिबायोटिक असें म्हणतात, तें अशा रोगांत नेमकें कोणतें काम करतें, एवढाच विषय आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. त्याचें नांव हेली-हेली रोग. ह्यू हेली आणि हॉवर्ड हेली हे दोघे बंधु अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यांत त्वचारोगांचे वैद्य होते. त्यांनीं १९३९ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, यावरून त्याला दोघांचें नांव मिळालें. पन्नास हजारांत एखाद्याला तो होत असावा, असा अजमास आहे. बालपणीं त्याची कांहींच खूण दिसत नाहीं. विशी ते चाळिशीच्या दरम्यान मान, काख, जांघ, स्त्रियांत स्तनांखालील भाग, अशा घाम साचणाऱ्या व घासल्या जाणाऱ्या जागीं बारीक फोड येतात. ते लगेच फुटतात आणि खालीं लाल, ओली, भेगा पडलेली कातडी राहते. खाज आणि आग असह्य होते. घाण वास येऊं लागतो, आणि त्या वासानें माणूस चारचौघांत बसावयास लाजतो. कांहीं आठवड्यांनीं जागा बरी होते, व्रणही राहत नाहीं, परंतु पुढल्या खेपेस पुन्हां तेंच. कित्येक रोग्यांच्या नखांवर उभ्या पांढऱ्या रेषा असतात. जाणत्या डॉक्टरचें लक्ष त्यांकडे आधीं जातें. या रोगानें आयुष्य कमी होत नाहीं, पण आयुष्यांतलें सुख मात्र फार कमी होतें.

हा रोग होतो कसा? आपली कातडी म्हणजे पेशींच्या थरांवर थर रचून केलेली भिंत आहे, आणि पेशींना एकमेकींशीं जखडून ठेवणारे सांधे त्या भिंतीला उभें धरतात. हे सांधे नीट तयार व्हावयाचे तर पेशींच्या आंत कॅल्शियम, म्हणजे चुन्यांतला धातु, ठराविक जागीं पोंचला पाहिजे. तो ओढून नेणारा एक सूक्ष्म पंप प्रत्येक पेशींत असतो. हेली-हेली रोगांत हा पंप घडविणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकीं एक प्रत बिघडलेली असते. हें जनुक कोणतें, तें २००० सालीं शोधून काढण्यांत आलें. एक प्रत चांगली असल्यामुळें काम चालतें, पण अर्ध्या बळानें. थंडीच्या दिवसांत तेवढें बळ पुरतें. घाम, उष्णता आणि घर्षण वाढलें म्हणजे पुरेनासें होतें. सांधे सुटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां कातडी पडक्या विटांच्या भिंतीसारखी दिसते. ही उपमा माझी नव्हे. जगभरचे रोगनिदानशास्त्रज्ञ या रोगाची खूण याच शब्दांत सांगतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हा रोग स्पर्शानें, कपड्यानें, पाण्यानें अगर एकत्र राहण्यानें कोणालाही होत नाहीं. दुसरी, तो ज्या आईला अगर बापाला आहे, त्यांच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो. मग तें अपत्य मुलगा असो कीं मुलगी. येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. चार मुलांपैकीं दोघांना आला म्हणजे उरलेले दोघे सुटले, असा हा हिशेब नव्हे. प्रत्येक मुलाच्या वेळीं नाणें नव्यानें उडविलें जातें. आणि कित्येक रोग्यांच्या घराण्यांत हा रोग पूर्वीं कोणालाच झालेला आढळत नाहीं. जनुकांतला बिघाड त्यांच्यापासूनच सुरू झालेला असतो. तेव्हां घराण्याचा दोष, पूर्वजांचें पाप, अशी भाषा या रोगाला लावण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

आतां हा रोग आपल्या मुलुखांत कसा वागेल, तें पाहूं. त्यासाठीं मी परभणी जिल्ह्यांतील मानवत हें गांव डोळ्यांपुढें धरतों. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांनीं मनमाडहून परभणीकडे जातांना मानवत रोड हें स्टेशन पाहिलें असेल. गांव कापसाच्या व्यापाराचें, आणि भोंवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि आठवडेच्या आठवडे खालीं येत नाहीं. या रोगाचे तीन शत्रु म्हणजे ऊन, घाम आणि घर्षण, ते तिघेही येथें एकत्र नांदतात. समजा, तेथल्या बाजारांत पोतीं वाहणाऱ्या एखाद्या तीस वर्षांच्या माणसाला हा रोग आहे. दर चैत्र-वैशाखांत त्याच्या काखा आणि जांघा सोलून निघतात, आणि पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली म्हणजे त्यांत भर पडते. तो त्याला गजकर्ण समजतो. शेजारी समजतो, दुकानदारही समजतो. काउंटरवरून एक मलमाची नळी मिळते, चार दिवस बरें वाटतें, आणि पुढें वर्षानुवर्षें त्याच नळीचा खेळ चालतो. रोगाचें खरें नांव त्याला कधीं कळतच नाहीं. या माणसाच्या हातीं योग्य जंतुनाशक औषध आलें, तर तें काय करील? तें तीन निरनिराळीं कामें करूं शकतें, आणि तीं एकमेकांपासून वेगळीं ओळखतां आलीं पाहिजेत.

पहिलें काम आपल्या ओळखीचें आहे. भिंत पडली म्हणजे चोर शिरतात. उघड्या, ओल्या कातडीवर पू करणारे जंतु वाढतात. त्यांच्यामुळें वास येतो, वेदना वाढतात आणि साधा भडका महिनाभर लांबतो. अशा वेळीं जंतुनाशक मलम अगर गोळ्या दिल्यानें थोड्याच दिवसांत आराम पडतो. परंतु येथें औषधानें चोराला हांकललें, भिंत बांधली नाहीं. म्हणून हें औषध थोडे दिवस, ठराविक मात्रेनें आणि संसर्ग असेल तेव्हांच घ्यावयाचें. शिवाय त्या ओल्या जागीं नेहमीं हेच जंतु असतील असें नाहीं. कधीं बुरशी शिरते, कधीं नागिणीच्या जातीचे विषाणु शिरतात; त्यांच्यावर या औषधांचा यत्किंचितही उपयोग होत नाहीं. म्हणून नेहमींचें औषध लागू पडेनासें झालें, तर जखमेवरील स्राव तपासून घेणें शहाणपणाचें असतें.

दुसरें काम कमी परिचयाचें आहे. १९४८ सालीं ऑरिओमायसीन हें औषध जगापुढें आलें. तें मातींतील एका सूक्ष्म जीवापासून बेंजामिन डग्गर यांनीं मिळविलें. आणि ज्या लेडर्ले संस्थेंत हें संशोधन झालें, तेथील संशोधनाची धुरा आपल्या आंध्र देशांत जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव वाहत होते. टेट्रासायक्लीन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या औषधांच्या कुळाचा हा मूळ पुरुष. त्याच कुळांतलें डॉक्सिसायक्लीन १९६७ पासून वापरांत आलें. पुढें असें ध्यानांत आलें कीं, हें औषध जंतूंना आवरतें तसेंच शरीराच्या स्वतःच्या दाहालाही आवरतें. कातडीचें बांधकाम पोखरणारीं कांहीं पाचक द्रव्यें दाहाच्या वेळीं शरीरच निर्माण करतें; त्यांचा जोर हें औषध कमी करतें. याचा पुरावा दंतवैद्यकांत मिळतो. हिरड्यांच्या रोगांत वीस मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेंत तें दिवसांतून दोन वेळां देतात. तेवढ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, तरी हिरड्यांना फायदा होतो. म्हणजे गुण येतो तो जंतु मारल्यामुळें नव्हे.

हेली-हेली रोगांत हाच गुण उपयोगी पडतो. २०१४ सालीं फ्रान्समधील डॉक्टरांनीं सहा रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. रोज शंभर मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन निदान तीन महिने दिल्यावर त्यांची स्थिति सुधारली. कांहींना औषध सोडल्यावर रोग उलटला आणि कमी मात्रा चालू ठेवावी लागली. सहा रोगी ही संख्या लहान आहे, हें मी मुद्दाम सांगतों. दुर्मिळ रोगांत मोठे प्रयोग करावयास रोगीच मिळत नाहींत, म्हणून लहान आंकड्यांवर सावधपणें पाऊल टाकावें लागतें. तसेंच या कामांत औषध आठवड्याचें नसून महिन्यांचें असतें, आणि म्हणून त्याचे धोकेही जाणून घ्यावे लागतात. हें औषध घेणाऱ्याची कातडी उन्हानें लवकर भाजते. मानवतसारख्या ठिकाणीं ही लहान गोष्ट नव्हे. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवें होऊं नये, नाहीं तर अन्ननलिकेला जखम होते. गर्भवती स्त्रीनें तें घेऊं नये. आणि महिनोन् महिने जंतुनाशक औषध घेण्यानें औषधाला न जुमानणारे जंतु वाढण्याचा धोका असतो. म्हणून तें डॉक्टरच्या देखरेखीखालींच घ्यावें.

तिसरें काम सर्वांत नवलाचें आहे, पण तें समजण्याकरितां हेली-हेली सोडून दुसऱ्या एका आनुवंशिक रोगाकडे वळावें लागेल. एपिडर्मोलिसिस बुलोसा या नांवाच्या रोगांत जन्मापासूनच कातडी इतकी नाजूक असते कीं, नुसत्या उचलण्यानें मुलाला फोड येतात. त्याच्या एका गंभीर प्रकारांत कातडीचा वरचा थर खालच्या थराला बांधून ठेवणारें प्रथिन तयारच होत नाहीं. कित्येक रोग्यांत याचें कारण असें कीं, जनुकाच्या लिखाणांत भलत्याच ठिकाणीं पूर्णविराम पडलेला असतो. पेशी तें लिखाण वाचीत जाते, मध्येंच पूर्णविराम लागतो आणि वाक्य अर्धवट राहतें. आतां जेंटामायसीन हें १९६३ सालीं पुढें आलेलें औषध पाहा. जंतूंच्या वाचन-यंत्राला चिकटून तें त्यांना चुकीचें वाचावयास लावतें, आणि त्यानेंच त्यांना मारतें. माणसाच्या पेशींतही तें किंचित् असाच गोंधळ करतें. आणि त्या गोंधळांत कधीं कधीं तो भलता पूर्णविराम ओलांडला जाऊन वाक्य पुरें होतें. २०१७ सालीं लॉस एंजेलिस येथील डॉक्टरांनीं अशा पांच रोग्यांवर याचा प्रयोग प्रसिद्ध केला. जेंटामायसीनचें मलम लावल्यानें, तसेंच कातडींत तें टोचल्यानें, हरपलेलें प्रथिन तयार झालें, महिनोन् महिने टिकलें आणि फोड कमी झाले.

या तिसऱ्या कामांत मात्र औषध थेट रोगाच्या मुळाशीं पोंचतें. परंतु तें ज्यांच्या जनुकांत नेमका हाच दोष आहे त्यांच्यापुरतें. ज्या घरीं असें मूल आहे, तेथें जनुकाची तपासणी झाल्याशिवाय या बातमीवर आशेचा डोलारा उभारूं नये. रक्तांत अधिक प्रमाणांत गेलें तर हेंच औषध कानांना कायमची आणि मूत्रपिंडांनाही इजा करूं शकतें, हेंही विसरतां कामा नये. संशोधन याहून पुढेंही गेलें आहे. या रोगांत निर्दोष जनुकाची प्रत जखमेपर्यंत पोंचविणारी एक जेल २०२३ सालीं अमेरिकेंत मंजूर झाली.

आतां पुन्हां मानवतच्या त्या मलमाच्या नळीकडे येऊं. एक काळ असा होता कीं, जंतुनाशक औषध मिळणें हीच दुर्लभ गोष्ट होती. १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो याच टंचाईवर उपाय म्हणून. आज टंचाई नाहीं. उलट दुकानांतून मिळणाऱ्या मिश्र मलमांत एक बुरशीचें औषध, एक जंतूंचें औषध आणि एक तीव्र स्टेरॉइड अशीं तीन औषधें एकत्र कोंबलेलीं असतात. त्यांतलें जंतूंचें औषध पुष्कळदा जेंटामायसीनच असतें. म्हणजे ज्या औषधाचा उपयोग प्रयोगशाळेंत जनुक तपासून, जपून केला जातो, तेंच येथें निदानावांचून काखेंत चोळलें जातें. चार दिवस वाटणारा आराम बहुधा स्टेरॉइडचा असतो. योग्य रोगांत, थोडे दिवस, डॉक्टरच्या सल्ल्यानें स्टेरॉइड वापरणें गैर नाहीं. हेली-हेलींतही तें देतात. पण काखेच्या अन् जांघेच्या कोंवळ्या कातडीवर तें वर्षानुवर्षें लावलें, तर ती पातळ होते, तिच्यावर कायमचे पट्टे उठतात, आणि बुरशी असली तर ती दबून पसरते. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं अनेक स्टेरॉइड मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी करणारा नियम केला. परंतु नियम कागदावर राहतो कीं दुकानांत उतरतो, हें विकणाऱ्याइतकेंच विकत घेणाऱ्यावरही अवलंबून आहे.

मग करावें काय? काख, जांघ अगर मान वारंवार सोलत असेल, गजकर्णाच्या औषधांनीं बरी होत नसेल, आणि घरांत आणखी कोणाला तसेंच होत असेल, तर नळी बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. मराठवाड्यांत नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपति संभाजीनगर येथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. कातडीचा तिळाएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला कीं, पडक्या भिंतीची ती खूण दिसते आणि वर्षानुवर्षांची शंका मिटते. ही तपासणी एकदां झाली म्हणजे पुढच्या दहा नळ्यांचा खर्च वांचतो.

डॉक्टरनें जंतुनाशक औषध लिहून दिलें, तर तीन प्रश्न अवश्य विचारावे. हें औषध संसर्गासाठीं आहे कीं दाहासाठीं? किती दिवस घ्यावयाचें? आणि काय दिसलें असतां तें थांबवून परत यावयाचें? असे प्रश्न विचारणें म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखविणें नव्हे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कळलें कीं, औषध अर्ध्यावर सोडण्याची आणि नको तितकें लांबविण्याची, या दोन्ही संवयी आपोआप सुटतात.

औषधाच्या बरोबरीनें घरचा विचार. अंगाला चिकटणारे कृत्रिम धाग्याचे कपडे टाकून सैल, पातळ सुती कपडे वापरावे; चोळीची अगर सदऱ्याची काख शिंप्याकडून सैल बेतून घ्यावी. घाम आल्यावर धुवावें, आणि घांसून न पुसतां टिपून कोरडें करावें. जड काम शक्य तर सकाळच्या गारव्यांत उरकावें. हे उपाय साधे आहेत. परंतु अर्ध्या बळाच्या पंपाला याचीच मदत होते, आणि ती कोणत्याही गोळीला करतां येत नाहीं.

शेवटचा मुद्दा लग्नाचा. आपल्या समाजांत मुलीच्या अगर मुलाच्या कातडीवर डाग दिसला कीं, सोयरीक मोडण्याच्या भीतीनें घर गप्प बसतें. कांहीं ठिकाणीं कुष्ठरोगाची शंकाही कुजबुजली जाते. कुष्ठरोग हा जंतूंनीं होणारा निराळा रोग आहे, आणि आजच्या औषधांनीं तो पूर्ण बरा होतो. त्याचा आणि या रोगाचा कांहीं संबंध नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, निदान झाल्यावर तें दोन्ही घरांत मोकळेपणानें सांगावें. रोग स्पर्शानें लागत नाहीं, जिवाला धोका नाहीं, अपत्याला येण्याचा संभव निम्मा आहे, आणि तो आला तरी ताब्यांत ठेवतां येतो. हीं चार वाक्यें लग्नापूर्वीं सांगितलीं तर एखादी सोयरीक कदाचित् मोडेल. तीं लपविलीं तर पहिल्याच उन्हाळ्यांत सुनेला आपला टॉवेल वेगळा टांगलेला दिसेल, आणि त्या दुखण्यावर तिन्ही कामें करणारें औषधही चालणार नाहीं.